तीन नंबरचा गर्डर

पुलाचीही परीक्षा असते, हे निकिताच्या सासूबाईंना पटायला दोन दिवस लागले.

"बांधून झाला ना? मग आता कसली परीक्षा?" सुंदराबाई विचारत, आणि निकिता पोळीचा शेवटचा घास तोंडात कोंबत सांगे, "आत्या, वर सहा भरलेले ट्रक चोवीस तास उभे करायचे आणि खाली पूल किती वाकतो ते मोजायचं. मग ट्रक काढायचे, आणि आणखी चोवीस तासांनी बघायचं, किती परत वर आला."

"आणि नाही आला तर?"

याचं उत्तर निकिताकडे होतं, पण ते तिनं पोळीबरोबर गिळलं. अडीच वर्षांच्या तनयाचा पापा घेतला आणि स्कूटर काढली.

खडकीच्या क्वार्टरमधून वारज्याला पोचायला अर्धा तास. वारजं ओलांडून आणखी पुढे गेलं, की शहर संपता संपता टेकड्यांच्या पायथ्याशी नवा मार्ग दिसायला लागे. चाकणकडच्या कारखान्यांचा माल पुण्याच्या पोटात न शिरता बाहेरच्या बाहेर सातारा-कोल्हापूरकडे जावा, म्हणून आखलेला. आधी ती मुरमाची तांबडी पट्टी होती, मग खडी आली, मग राखाडी काँक्रीट. निकितानं तो मार्ग तीन वर्षं वाढताना पाहिला होता, मधले बाळंतपणाचे सात महिने सोडून. ती त्या कामावरची काँक्रीट तपासणारी इंजिनिअर. कुठल्याही खांबात, कुठल्याही गर्डरमध्ये पडलेलं काँक्रीट आधी तिच्या हाताखालून जायचं आणि मग साच्यात.

आता फक्त ओढ्यावरचा पूल राहिला होता. त्याच्या चार गाळ्यांपैकी, म्हणजे दोन खांबांमधल्या भागांपैकी, एक गाळा परीक्षेला बसवायचा, तो पास झाला की पुढच्या सोमवारी मालाच्या गाड्यांचा पहिला ताफा सुटणार. साइटवर सगळ्यांच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. वॉचमनसुद्धा आल्या-गेल्याला तारीख सांगायचा. गावातल्या चहावालीनं टपरीला नवा पत्रा ठोकला होता. "मॅडम, रस्ता चालू व्हनार म्हंजे व्हनार न्हवं?" ती रोज विचारायची. "म्या मिसळीचं पातेलं दुप्पट आनलंय."

निकितालाही तेच वारं लागलं होतं. पण परीक्षेसाठी नेमका कुठला गाळा निवडला, हे कळलं तेव्हापासून तिची झोप पातळ झाली होती.

दुसरा गाळा. शेजारी शेजारी टाकलेल्या पाच गर्डरांचा, म्हणजे काँक्रीटच्या तुळयांचा. आणि त्यातला मधला, तीन नंबरचा.

हा गर्डर ओतला त्याला चौदा महिने झाले होते. त्या दिवशी तनया सव्वा वर्षाची होती आणि तिला एकशेतीन ताप होता. समाधान, निकिताचा नवरा, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिथे आत जाताना फोन गेटवर ठेवावा लागतो. त्यामुळे घरून येणारा प्रत्येक फोन निकितालाच. सुंदराबाई पोरीला एकट्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या आणि दर अर्ध्या तासानं विचारत होत्या, आता काय करू. काँक्रीट ओतलं जात असताना निकिता तीनदा बाजूला गेली. एक मिक्सर ती येईपर्यंत रिकामा होऊन निघूनही गेला होता. त्याची चिठ्ठी तिनं नंतर पाहिली, सही केली.

पुढे त्या काँक्रीटचे ठोकळे, साइटच्या भाषेत क्यूब, प्रयोगशाळेत फोडले तेव्हा ते नियमात बसले. कागदोपत्री सगळं ठीक होतं. पण ठोकळे भरले होते ते दुसऱ्या मिक्सरमधून. जो तिनं पाहिला नाही त्याच्या पोटात काय होतं, ते तिला माहीत नव्हतं, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. गर्डर यार्डात पडून होता तेव्हा ती येता-जाता त्याच्यावर हात फिरवायची. ताप उतरला का ते बघावं तसा.

*

परीक्षा घ्यायला आप्पासाहेब आले होते. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, सत्तरी उलटलेली, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पेन्सिली आणि स्टीलचा डबा. ठेकेदाराचेही नाहीत आणि सरकारचेही नाहीत, म्हणूनच सगळे त्यांना वचकून असत.

सकाळी साडेसातला ते ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरले. गाळ्याच्या बरोबर मध्याखाली लोखंडी परांची उभी होती. परांचीवर पाच जाड फळ्या, प्रत्येक फळीवर एक स्टँड आणि स्टँडला घड्याळासारखं दिसणारं गेज. गेजमधून निघालेली बारीक दांडी वर गर्डरच्या पोटाला टेकलेली. गर्डर केसभर खाली आला तरी दांडी दबते आणि काटा फिरतो. मोठ्या काट्याची एक फेरी म्हणजे एक मिलिमीटर. किती फेऱ्या झाल्या, ते आतला चिमुकला काटा सांगतो. तनया फोटो पाहून त्याला 'आईचं घड्याळ' म्हणायची आणि रोज नवा फोटो मागायची.

पावणेआठला निकितानं पाचही गेजं शून्यावर आणली आणि वहीत लिहिलं. मग पुन्हा वाकून तीन नंबरकडे बघत राहिली.

"बाई," आप्पासाहेब चष्म्यावरून म्हणाले, "पूल आहे तो, पोटचं पोर नव्हे. इतकं टक लावून पाहिलंत तर लाजेनंच वाकायचा."

"सवय आहे सर."

"ती दिसतेच आहे."

तेवढ्यात हिंमतराव ताट घेऊन आले. हिंमतराव साइटचे फोरमन, शेजारच्याच गावचे. या रस्त्यात त्यांची अर्धी जमीन गेली होती आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांनी ट्रकवाल्यांसाठी ढाबा टाकायचं ठरवलं होतं, त्यामुळे रस्ता कधी सुरू होतो याची घाई त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. ताटात हळद-कुंकू, झेंडू, उदबत्त्या आणि शेंडी ठेवून सोललेला नारळ.

"सायेब, धाच मिन्टं. खंडेनवमीला आपन हत्यारं पूजतो न्हवं, तसंच हे. गाड्या चढायच्या आत व्हायला पायजे."

आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "दहाच. मी तोवर चहा घेतो."

अशा वेळी निकिता आपण होऊन बाजूला व्हायची. तिच्या घरी हे नसे. आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, बाकी काही नाही. ती पूजेला नको म्हणत नसे आणि हात जोडूनही उभी राहत नसे. कुठलं तरी काम काढून तीस पावलं लांब जायची. हिंमतरावांनाही ते ठाऊक होतं आणि त्यांनी कधी शब्द काढला नव्हता.

त्या सकाळी ती खांबाच्या सावलीत जाऊन घरी फोनवर बोलली. तनयाला घड्याळाचा फोटो हवा होता, आत्ता. मागून उदबत्तीचा वास आला, नारळ फुटल्याचा आवाज आला, कुणीतरी गणपतीचा जयजयकार केला. सगळे चहाकडे पांगल्यावर निकिता परत परांचीपाशी आली. पाचही गेजांना कुंकवाची बोटं लावली होती आणि मधल्याच्या स्टँडवर झेंडूचं फूल खोचलं होतं. तेच सगळ्यात छान दिसत होतं. तिनं घाईत त्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

"मॅडम, घरच्या हेड ऑफिसला रिपोर्ट गेला का?" चेतननं विचारलं. चेतन म्हणजे ठेकेदाराकडचा साइट इनचार्ज. ताफ्याच्या दिवशी घालायचे टी-शर्ट त्यानं आधीच छापून घेतले होते, तारखेसकट.

"गेला," निकिता म्हणाली. "मंजुरी आली की कळवते."

हिंमतरावांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "पेढा तर चालतो न्हवं मॅडम?"

"पेढा कुणाचाही चालतो, हिंमतराव."

*

पहिला टिपर हुसेनचाचांचा होता. खडीनं काठोकाठ भरलेला, काट्यावर तोलून आणलेला. हुसेनचाचांनी अठ्ठावीस वर्षं चाकण-कोल्हापूर केलं होतं. पुलाच्या तोंडाशी गाडी उभी करून ते खाली उतरले, डोक्याला रुमाल बांधला आणि स्वच्छ काँक्रीटकडे पाहत राहिले. अजून एकाही टायरचा डाग नव्हता त्याच्यावर.

"मॅडम, सांगू का," ते म्हणाले, "वारज्याच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून मी दोन ईदी काढल्यात. गाडीत सुटे भाग, पलीकडे कारखाना बंद पडलेला, मालक फोनवर ओरडतोय, आणि मी ब्रेकवर पाय ठेवून समोरच्या गाडीमागचं 'हॉर्न ओके' वाचतोय. पाठ झालंय. आता इकडून गेलो तर सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरात. माझी बायको नाजिमा म्हणते, तुम्ही रोज घरी यायला लागलात तर मला सवय नाही, आधी कळवत जा."

"चाचा, चढवा," चेतन ओरडला. "भाषण उद्घाटनाला."

आठ चाळीसला टिपर गाळ्यावर चढला. निकिता खाली परांचीवर होती. डोक्यावरून चाकांचा जड, सावकाश आवाज गेला आणि पाचही काटे एकदम जिवंत झाले. तीन वर्षं ज्याच्यासाठी माती, वाळू, सिमेंट चाळलं, तो पूल पहिल्यांदा ओझं घेत होता.

दोन गाड्या चढल्या की आकडे घ्यायचे, मग आणखी दोन, मग शेवटच्या दोन. ती मोठ्यानं वाचत गेली, आप्पासाहेब पेन्सिलीनं लिहीत गेले. सहाव्या गाडीनंतर चार गर्डर आठ मिलिमीटरच्या आसपास वाकले होते. तीन नंबरचा दहा पॉइंट दोन.

"मधला जरा जास्त वाकतोच," आप्पासाहेब म्हणाले. "महत्त्व वाकण्याला नाही बाई, परत येण्याला आहे. शंभरातले पंच्याऐंशी भाग तरी परत आला पाहिजे. परवा बघू."

निकिता घरी गेली. स्वयंपाक केला, तनयाला भरवलं, तिच्या कपाळाला दोनदा हात लावून पाहिला.

"बरी आहे पोर," सुंदराबाई म्हणाल्या. "तुलाच काही होतंय का?"

*

तिसऱ्या दिवशी अकराला शेवटचे आकडे घ्यायचे होते. ट्रक आदल्या दिवशीच उतरले होते. तरी सहाही ड्रायव्हर निकाल ऐकायला थांबले होते, रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगावर ओळीनं बसून. चेतननं टी-शर्टचा खोका उघडून ठेवला होता. चहावाली किटली घेऊन स्वतः आली होती.

निकितानं एक नंबर वाचला, दोन वाचला, तीन वाचला. तीन पुन्हा वाचला. मग चार आणि पाच.

आप्पासाहेबांनी वहीतच भागाकार केला. त्यांची पेन्सिल एका ओळीवर थांबली.

"एक, ब्याण्णव टक्के. दोन, एक्याण्णव. चार, ब्याण्णव. पाच, त्र्याण्णव." त्यांनी चष्मा काढला. "तीन, त्र्याहत्तर."

वर खडीवर बसलेल्यांनाही कळलं असावं, कारण त्यांचं हसणं थांबलं.

निकिताला वाटलं, हे आपल्याला माहीतच होतं. चौदा महिने माहीत होतं.

"सर," चेतन हळूच म्हणाला, "एक गेज बिघडलं होतं असं लिहिलं तर? चार पास आहेत."

"चेतनराव, पाचांतल्या एका विषयात नापास झालं की तो पेपरच हरवला म्हणायचं, ही पद्धत नवीन दिसते." आप्पासाहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "या तीन नंबरचा इतिहास काय?"

सगळ्यांनी निकिताकडे पाहिलं.

"क्यूब पास आहेत सर," चेतननंच उत्तर दिलं. "रेकॉर्ड क्लीन आहे."

तिथेच थांबता आलं असतं. रेकॉर्ड स्वच्छ होतं हे खोटं नव्हतं. निकितानं डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं.

"सर, हा गर्डर ओतला त्या दिवशी मी तीनदा बाजूला गेले होते. मुलगी आजारी होती, घरून फोन येत होते. एक मिक्सर मी पाहिलाच नाही. त्याच्या चिठ्ठीवर नंतर सही केली. क्यूब भरले ते दुसऱ्या मिक्सरचे."

"हे आधी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

हिंमतराव पुढे झाले. "सायेब, त्या दिशी म्या हुतो. काँक्रीट ब्येस हुतं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"तुमचे डोळे प्रयोगशाळेत फोडता येत नाहीत, हिंमतराव." आप्पासाहेब निकिताकडे वळले. "हे मी कागदावर घेऊ?"

"घ्या."

"घेतो. पण आधी आकडे वाचू. माणूस घाबरला की पहिल्यांदा स्वतःवर आळ घेऊन मोकळा होतो आणि आकडे बिचारे वहीत तसेच पडून राहतात. वाचा. पहिल्या दिवसापासून, टप्प्याटप्प्यानं."

तिनं वही घेतली. "पहिल्या दोन गाड्या. एक नंबर, दोन पॉइंट सहा. तीन नंबर, चार पॉइंट सात." पान उलटलं. "चार गाड्या. एक नंबर, पाच पॉइंट तीन. तीन नंबर, सात पॉइंट पाच. सहा गाड्या. एक नंबर आठ. तीन नंबर दहा पॉइंट दोन."

ती थांबली. बोट वहीवर ठेवून मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"सर, दुसऱ्या टप्प्याला हा दोन पॉइंट आठनं वाकलाय. तिसऱ्याला दोन पॉइंट सातनं. बाकीच्यांइतकाच. जे काही जास्त आहे ते सगळं पहिल्याच टप्प्यात आहे."

"म्हणजे?"

"गर्डर कच्चा असता तर प्रत्येक टप्प्याला जास्त वाकला असता. हा एकदाच वाकला, दोन मिलिमीटर, आणि तेवढंच परत आलेलं नाही." तिच्या आवाजात काहीतरी वर चढायला लागलं होतं, ते तिनं दाबलं. "गाड्या चढायच्या आधी काहीतरी झालंय."

खडीच्या ढिगावरून हुसेनचाचा खाली उतरून आले होते. "मॅडम, पहिली गाडी माझी. पण वजन काट्यावरचं आहे, चिठ्ठी आहे. एक दगड जास्त नाही."

"तुमचा संबंध नाही चाचा. शून्य घेतलं पावणेआठला. तुम्ही चढलात आठ चाळीसला. मधल्या पंचावन्न मिनिटांत काय झालं?"

आणि त्याच वेळी खिशात फोन वाजला. घरून. चौदा महिन्यांपूर्वी याच आवाजानं तिला इथून हलवलं होतं. तिनं आप्पासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, घ्या म्हणून.

"अगं, काही नाही," सुंदराबाई म्हणाल्या, "ही जेवत नाहीये. आजचं घड्याळ कुठंय म्हणते. ते फुलाचं जुनं झालं म्हणे."

फुलाचं घड्याळ. तो फोटो पूजेनंतरचा होता. सुंदराबाईंनी दोनदा हॅलो म्हटलं, तेव्हा निकिता म्हणाली, "आत्या, ठेवा. पाठवते." तिनं पाठवलेले फोटो उघडले. परवाचा तो फोटो सापडला. कुंकू, झेंडू, मधलं गेज. खाली वेळ, आठ बारा. मोठा काटा जवळपास शून्यावर. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्याही. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. झेंडूच्या पाकळीच्या कडेला आतला चिमुकला काटा दिसत होता.

दोनवर.

"सर." तिनं फोन पुढे केला. "तेव्हा पुलावर एकही गाडी नव्हती."

आप्पासाहेबांनी फोन जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग परांचीपाशी जाऊन तीन नंबरच्या फळीकडे वाकले. फळीचं एक टोक पाइपाच्या बाहेर हातभर आलं होतं. त्याच्याखाली ठोकलेली लाकडी पाचर तिरकी होऊन अडकली होती, त्यामुळे बाहेरचं टोक खाली दबलं होतं आणि गेजकडचं वर उचललं गेलं होतं; गर्डर न वाकताच दांडी दबली होती. बाहेरच्या टोकावर नारळाच्या शेंडीचे चार धागे चिकटले होते. पाणी वाळून डाग पडला होता.

ते सरळ झाले. "हिंमतराव, नारळ कुठे फोडलात?"

हिंमतरावांनी टोपी काढली. "खाली समदी रेती, सायेब. रेतीत नारळ फुटत न्हाई. फळीचं टोक हाताशीच हुतं. म्हनलं, बरूबर पुलाच्या मधोमध व्हतंय, शुभ हाय." त्यांनी फळीच्या टोकाकडे पाहिलं. "दोन घाव घालावं लागलं."

"तीस वर्षं पुलांवर नारळ फुटताना पाहतोय," आप्पासाहेब म्हणाले. "नारळानं पूल वाकवलेला पहिल्यांदाच पाहिला."

चेतन हसला आणि लगेच गप्प झाला.

"यात चूक माझीही आहे सर," निकिता म्हणाली. "पूजा झाल्यावर शून्य परत वाचायला हवं होतं. मी लांब उभी होते. त्यांच्या मध्ये जायला नको म्हणून."

"आणि मी चहाला गेलो होतो. तेही लिहा." त्यांनी वही मिटली. "फोटोवर पूल पास होत नसतो. फळी पक्की करा, शून्य घ्या आणि उद्या सकाळपासून पुन्हा परीक्षा. तुमचा तो न पाहिलेला मिक्सर आहे ना बाई, त्याचंही उत्तर त्यातच मिळेल. हे ड्रायव्हर लोक थांबणार आहेत का?"

हुसेनचाचांनी मागे वळून पाहिलंही नाही. "थांबणार. आम्हाला थांबायची प्रॅक्टिस आहे साहेब, वारज्याची."

"माझे टी-शर्ट," चेतन पुटपुटला. "तारीख छापलीये."

"त्यावर पेननं दुरुस्ती करा आणि सही ठोका," आप्पासाहेब म्हणाले. "नियमात बसतं."

*

दुसऱ्या सकाळी पूजा झाली नाही. हिंमतरावांनी नवा नारळ आणला होता, पण तो हुसेनचाचांच्या केबिनमध्ये ठेवून दिला. "पलीकडं पोचल्यावर फोडू. दगडावर." मग ते दोन्ही हात पाठीमागे बांधून परांचीपासून बरोबर तीस पावलांवर, निकिता उभी राहायची तिथेच, जाऊन उभे राहिले.

निकितानं गाडी चढायच्या एक मिनिट आधी पाचही शून्यं वाचली. मोठा काटा आणि छोटा काटा, दोन्ही. आप्पासाहेबांनी पुन्हा वाचली. मग डोक्यावरून तो जड आवाज गेला.

"तीन नंबर," तिनं वाचलं. "दोन पॉइंट सात."

आप्पासाहेबांनी लिहिलं आणि वर न पाहता म्हणाले, "हं."

पाच पॉइंट पाच. आठ पॉइंट दोन. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण अजून दोन दिवस होते आणि महत्त्व परत येण्याला होतं. ते दोन दिवस तिनं कसे काढले ते घरच्यांनी पाहिलं. आमटीत दोनदा मीठ पडलं. समाधाननं निमूट खाल्लं आणि एवढंच म्हणाला, "पूल पास होऊ दे लवकर, माझं बीपी वाढेल."

शेवटच्या सकाळी तिनं तीन नंबरचा आकडा वाचला. शून्य पॉइंट सात. भागाकार तिनं मनातच केला होता, तरी आप्पासाहेबांची पेन्सिल थांबेपर्यंत ती वहीकडे बघत उभी होती.

"एक्याण्णव," ते म्हणाले. "आणि थोडे वर." वही पिशवीत टाकली, डबा बाहेर काढला. "त्या मिक्सरची नोंद तुम्ही कागदावर लिहून द्याच. गर्डर चांगला निघाला म्हणून ती चूक चूक नव्हती असं होत नाही. पुढच्या वेळी फोन आला तर ओतणं थांबवायचं. मिक्सर अर्धा तास थांबतो, मरत नाही."

"हो सर."

"आणि मुलीचं काय झालं तेव्हा?"

"दोन दिवसांत उतरला ताप."

"मग झालं तर." त्यांनी डबा उघडून तिच्यापुढे धरला. आत दोन थालीपिठं होती. "घ्या. कुणाचंही चालतं म्हणालात ना त्या दिवशी, पेढ्याच्या वेळी. ऐकू येतं मला चहाच्या टपरीवरून."

*

ताफा सोमवारऐवजी शुक्रवारी सुटला. बावीस गाड्या, सगळ्या भरलेल्या. सुटे भाग, पत्र्याचे रोल, औषधांचे खोके, एका गाडीत नुसते पंखे. चेतनच्या टी-शर्टवरची तारीख पेननं खोडलेली होती आणि खाली खरंच सही होती. चहावालीचं पातेलं नवाच्या आत रिकामं झालं.

निकितानं तनयाला आणि सुंदराबाईंना स्कूटरवर बसवून आणलं होतं. तिघी पुलाच्या कडेच्या पदपथावर उभ्या राहिल्या, दुसऱ्या गाळ्याच्या बरोबर मध्यावर. खाली तीन नंबर कुठे येतो, ते निकिताला न पाहता कळत होतं.

पहिली गाडी हुसेनचाचांची. आज खडी नव्हती, खरा माल होता. समोरच्या काचेमागे नारळ डुलत होता. त्यांनी हॉर्न वाजवला, तोही एकदाच, आणि वेग कमी न करता पुढे आले. मागून दुसरी, तिसरी. चाकांखालून एक बारीक थरथर उठली आणि पायांतून वर आली. तनयानं आईच्या कुर्त्याला घट्ट धरलं.

"आई, हलतंय."

सुंदराबाईंनीही कठड्याला हात लावला होता. "निकिता, अगं खरंच हलतंय."

"हलू दे आत्या. हलायलाच पाहिजे." तिनं तनयाला उचलून कडेवर घेतलं, तिच्या चपला काढल्या आणि इवलीशी पावलं काँक्रीटवर टेकवून तिला उभं केलं. "बघ. गाडी आली की पूल खाली जातो. गाडी गेली की?"

तनया डोळे मोठे करून पायांकडे बघत राहिली. चौथी गाडी आली, गेली. पायांखालची थरथर विरली.

"वर येतो," ती म्हणाली, आणि पाचव्या गाडीसाठी हात हलवायला लागली.